चाळलेला उजेड

कानाच्या पाळीमागे फोटोग्राफीच्या कागदाचा एक तुकडा धरायचा, पुढून निळा-जांभळा उजेड सोडायचा आणि कागद काळा पडतो का ते बघायचं. कोपनहेगनमध्ये नील्स फिन्सेन नावाच्या डॉक्टरने केलेला हा साधासुधा प्रयोग मला त्याच्या नोबेल पारितोषिकापेक्षा मोठा वाटतो. बराच वेळ उजेड देऊनही कागद कोराच राहिला. मग त्याने तीच पाळी दोन काचांमध्ये दाबून पांढरीफटक केली, म्हणजे तिच्यातलं रक्त बाजूला सारलं, आणि पुन्हा उजेड सोडला. आता काही सेकंदांतच कागद काळा. कातडी तीच, दिवा तोच. वाट अडवून बसलं होतं ते रक्त.

हा उद्योग कशासाठी, तर त्वचेच्या क्षयासाठी. वैद्यकात त्याला ल्युपस व्हल्गॅरिस म्हणतात. फुप्फुसांचा क्षय माणसाला मारतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण हा दुसरा क्षय माणसाला जिवंत ठेवून त्याचा चेहरा खायचा. नाक, गाल, ओठ, वर्षानुवर्षं, सावकाश. काचेची पट्टी त्या लालसर चट्ट्यावर दाबली की खाली पिवळट-तपकिरी, जेलीसारखे ठिपके दिसतात. ही तपासणी डॉक्टर आजही करतात. उपाय म्हणजे खरवडणं, डागणं, आम्ल लावणं. त्यातून रोग हटला तरी चेहरा काही परत यायचा नाही. नोकरी मिळायची नाही, बाहेर पडायचं तर तोंडाला फडकं बांधून. 1882 मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधला तरी या लोकांच्या हाती काही लागलं नव्हतं. जंतू कोण ते कळलं होतं, पण कातडीच्या आत दडून बसलेल्या त्या जंतूपर्यंत पोचायचं कसं?

फिन्सेनचा जन्म 1860 चा, फॅरो बेटांवरच्या टोर्सहाउन गावचा. घराणं आइसलंडचं. डेन्मार्कच्या शाळेत मुख्याध्यापकांनी त्याच्याबद्दल मत दिलं ते असं की मुलगा मनाने चांगला आहे, पण बुद्धी आणि उत्साह बेताचाच. (मी स्वतः मास्तरकी करते, त्यामुळे असले शेरे लिहिताना माझा हात आता जरा अडखळतो.) उत्साह बेताचा असायला कारण होतं. तिशीच्या आतच त्याला एका चिवट दुखण्याने गाठलं. हृदय आणि यकृत यांभोवतीचं आवरण जाड होत जाणारं, पोटात पाणी साठवणारं. त्याने स्वतःच पुढे सांगितलंय की आपण उत्तरेकडे तोंड असलेल्या घरात राहायचो, अशक्तपणा आणि थकवा कायमचा, म्हणून वाटायला लागलं की जास्त ऊन मिळालं तर बरं वाटेल. सूर्याबद्दलचं त्याचं कुतूहल असं स्वतःच्या अंगातून आलेलं होतं. छपरावर सावली सरकली की उन्हाच्या तुकड्यामागे सरकत जाणारं मांजर तो न्याहाळत बसायचा, अशीही गोष्ट सांगतात.

गंमत अशी की त्याचं पहिलं वैद्यकीय काम उजेड देण्याचं नव्हे, उजेड काढून घेण्याचं होतं. 1893 मध्ये त्याने सुचवलं की देवीच्या रोग्याला लाल पडद्यांच्या खोलीत ठेवा. निळे-जांभळे आणि अतिनील किरण त्वचेला भाजतात, ते अडवले तर देवीचे फोड चिघळणार नाहीत, व्रण कमी राहतील. देवीच्या रोग्याला लाल कापडात ठेवायची चाल युरोपात मध्ययुगापासून होती. फिन्सेनने तिला किरणांचं कारण जोडलं. तो उपाय पुढे टिकला नाही. पण त्याच्या डोक्यात चाळणी बसली ती तिथेच. उजेड म्हणजे एक जिन्नस नव्हे. त्यातलं काही घ्यायचं असतं, काही टाकायचं असतं.

आता उलटा विचार. जे किरण कातडी भाजतात ते जंतूला का भाजणार नाहीत? त्याला आधार तयार होता. 1877 मध्ये डाउन्स आणि ब्लंट या दोघा इंग्रजांनी खिडकीत पोषक द्रव भरलेल्या परीक्षानळ्या ठेवून बघितल्या होत्या. काही उघड्या, काही शिशाच्या पत्र्यात गुंडाळलेल्या. गुंडाळलेल्या नळ्यांतला द्रव जंतूंनी गढूळ झाला, उन्हातल्या नळ्या स्वच्छ राहिल्या. निळ्या टोकाचा उजेड जास्त मारक, लाल टोकाचा कमी, हेही त्यांना दिसलं होतं.

या प्रयोगाचा धाकटा भाऊ आमच्या कॉलेजात टीवायच्या प्रॅक्टिकलला असतो. अगरच्या थाळीवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस सगळीकडे सारखा पसरवायचा, अर्ध्या थाळीवर काळा कागद झाकायचा आणि लॅमिनारमधली, म्हणजे जंतूविरहित हवेत काम करायच्या कपाटातली, अतिनील ट्यूब लावायची. दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटरमधून थाळी काढली की झाकलेल्या अर्ध्यात सोनेरी-पिवळी गर्दी आणि उघड्या अर्ध्यात जवळजवळ काही नाही. मधे कागदाची कडा सरळ रेघ होऊन उमटलेली. मुलं खूष होतात. मग मी दुसरी थाळी दाखवते, जिच्यावर कागदाऐवजी तिचंच पारदर्शक काचेचं झाकण ठेवलेलं असतं. तिथेही गर्दी. डोळ्यांना आरपार दिसणारी काच त्या किरणांना भिंत असते. हे बघून वर्गात जरा शांतता पसरते आणि मग दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, मग केसतुडावर ही ट्यूब धरली तर?" कारण केसतूड, गळू, काळपुळी यांतला बहुतेक वेळचा गुन्हेगार हाच सोनेरी जंतू.

नाही धरायची. त्या ट्यूबच्या मुख्य किरणाची तरंगलांबी 254 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). तो थेट डीएनएवर घाव घालतो, आणि डीएनए आपल्याही पेशींत असतं. शिवाय तो कातडीत खोल जातच नाही. वरच्या थरातल्या जिवंत पेशी भाजून काढतो आणि खाली गळवातला जंतू सुखात असतो. डोळ्यांची गोष्ट वेगळी काढायला नको. वेल्डिंगच्या दुकानात उघड्या डोळ्यांनी बघत उभं राहिलेल्या पोराला त्या रात्री विचारावं.

डीएनएचं नाव आलंच आहे तर हे सांगून टाकते, कारण हा तपशील मला फार आवडतो. 1930 च्या सुमारास अमेरिकेत फ्रेडरिक गेट्सने हाच जंतू, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, वेगवेगळ्या लांबीच्या अतिनील किरणांखाली ठेवून मोजलं की कोणता किरण सर्वांत जास्त मारतो. उत्तर आलं 265 नॅनोमीटरच्या आसपास. तो आलेख प्रथिनांच्या आलेखाशी जुळत नव्हता, न्यूक्लिक आम्लाच्या आलेखाशी जुळत होता. आनुवंशिकता प्रथिनांत नसून डीएनएत असते हा ऑस्वल्ड एव्हरी या जंतुशास्त्रज्ञाचा पुरावा यायला 1944 उजाडावं लागलं. गळवातल्या जंतूने ती चुगली चौदा-पंधरा वर्षं आधीच केली होती. कुणी नीट ऐकली नाही इतकंच.

तर फिन्सेन. 1895 च्या नोव्हेंबरात त्याने पहिला रोगी घेतला, नील्स मोगेन्सेन नावाचा इंजिनिअर. चेहऱ्यावर वर्षानुवर्षं ल्युपस, शस्त्रक्रिया करून थकलेला. दवाखाना कुठला? कोपनहेगनचं वीजकेंद्र. कारण फिन्सेनला लागणारा दिवा म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमधली ठिणगी, आणि तिला लागणारा विजेचा प्रवाह तेव्हा तिथेच मिळायचा. काही महिन्यांत मोगेन्सेनचा चेहरा सुधारला. पुढच्याच वर्षी फिन्सेनची संस्था उभी राहिली. देशोदेशीचे रोगी यायला लागले.

त्या संस्थेतल्या छायाचित्रांत मधोमध एक मोठा दिवा टांगलेला दिसतो, त्यातून दुर्बिणीसारख्या चार नळ्या चार दिशांना उतरलेल्या, प्रत्येक नळीखाली एक रोगी आडवा आणि त्याच्याजवळ काळा चष्मा घातलेली एक नर्स. तिच्या हातात स्फटिकाच्या चकत्यांची पोकळ डबी असायची, आतून थंड पाणी फिरणारी. ती डबी तिने चट्ट्यावर दाबून धरायची. म्हणजे कानाच्या पाळीचा तोच प्रयोग: रक्त हटवायचं. पाण्याने उष्णता काढून घ्यायची, नाहीतर ठिणगीच्या धगीने चामडी करपेल. नाण्याएवढ्या जागेवर तासभर, आणि तासभर म्हणजे तासभर, हात हलवायचा नाही. दुसऱ्या दिवशी शेजारची नाण्याएवढी जागा. असं महिनोन्‌महिने, कुणाचं वर्ष-दोन वर्षंही.

मला नेहमी वाटतं की या उपचाराला दिव्याचं नाव मिळालं आणि हाताचं राहून गेलं. दिवा तर रस्त्यावरही होता. कार्बनच्या ठिणगीचे दिवे तेव्हा युरोपभर चौकाचौकांत जळत होते आणि त्यांच्याखालून जाणाऱ्या ल्युपसच्या रोग्याचा चट्टा काही बरा होत नव्हता. उष्णता गाळली, रक्त सारलं, झोत एका नाण्यावर आणला, आणि मग जे उरलं त्याने काम केलं. डेन्मार्कची राजकन्या अलेक्झांड्रा इंग्लंडच्या राजघराण्यात दिलेली होती. तिने 1900 मध्ये लंडन हॉस्पिटलला असा दिवा भेट दिला. तिथल्या आवारात तिच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर या दिव्याखाली चाललेला उपचार कोरलेला आहे, नर्ससकट.

1903 चं वैद्यकाचं नोबेल फिन्सेनला मिळालं तेव्हा तो समारंभाला जाण्याच्या अवस्थेत नव्हता, चाकाच्या खुर्चीत होता. बक्षिसातली मोठी रक्कम त्याने रुग्णसेवेसाठी देऊन टाकली. शेवटच्या काळात तो स्वतःच्याच आजाराच्या नोंदी ठेवत होता: रोज किती मीठ खाल्लं, किती पाणी प्यायलं, अंगात किती साठलं. त्यावरचा लेखही त्याने 1904 मध्ये छापला आणि त्याच सप्टेंबरात, वयाच्या 43 व्या वर्षी, गेला.

कथा इथे संपली असती तर ती एका थोर माणसाची कथा झाली असती. पण शंभर वर्षांनी, 2005 मध्ये, डेन्मार्कमधल्याच संशोधकांनी त्याची जुनी उपकरणं काढून त्यांतून नेमका कोणता उजेड बाहेर पडतो ते मोजलं. जंतूंना मारतात ते अतिनील किरण, अशीच सगळ्यांची समजूत होती. मोजल्यावर दिसलं की 340 नॅनोमीटरच्या खालचे किरण त्या भिंगांतून पलीकडे जातच नव्हते. आमच्या लॅमिनारमधल्या ट्यूबसारखं डीएनए तोडणारं त्यात काही नव्हतंच. पोचत होता तो मुख्यतः जांभळा-निळा उजेड.

मग जंतू मेले कशाने? क्षयाचा जंतू स्वतःच्या पोटात पॉर्फिरिन जातीचं एक द्रव्य बनवतो, कोप्रोपॉर्फिरिन. 400 नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा उजेड ते अधाशीपणे पितं आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देऊन टाकतं. त्यातून ऑक्सिजनचा एक चिडका अवतार तयार होतो, जो समोर येईल त्याला जाळत सुटतो: आवरण, प्रथिनं, सगळं. फिन्सेनचे रोगी बरे होण्याचं हेच कारण असावं, असं त्या संशोधकांचं मत. दारूगोळा जंतूच्याच घरातला, उजेडाने फक्त काडी लावली.

आणि आता पुन्हा कानाची पाळी. रक्ताला लाल करणारं हिमोग्लोबिनमधलं हीमदेखील पॉर्फिरिनच्याच कुळातलं. तेही नेमका हाच, 415 नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड सर्वांत जास्त पितं, आणि त्याचं रूपांतर नुसत्या उष्णतेत करून मोकळं होतं. म्हणजे फिन्सेनची नर्स ज्याला दाबून बाजूला सारत होती तो जंतूतल्या द्रव्याचा सख्खा चुलतभाऊ, त्याच घासावर डोळा ठेवून बसलेला. फिन्सेनला यातलं काहीच माहीत असण्याची सोय नव्हती. त्याला कागद काळा होताना दिसला आणि त्याने त्या कागदावर विश्वास ठेवला.

ज्यांनी चाळणी वापरली नाही त्यांचं काय झालं, तेही त्याच काळात बघायला मिळतं. 1895 मध्येच राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि दोन वर्षांच्या आत ते ल्युपसच्या चेहऱ्यांवर सोडलेही गेले. आधी बरं वाटलं. मग वर्षांनी त्याच जागी, पातळ झालेल्या व्रणांच्या कातडीत, कर्करोग निघाले. तरीही प्रतिजैविकं येईपर्यंत गळवं, काळपुळ्या आणि धावऱ्यावर क्ष-किरण देण्याची पद्धत चालूच होती. सूज उतरायची, म्हणून लोक खूष. पण त्या मात्रेत जंतू मरत नसतात. हिशोब उलटा आहे: माणसाच्या अख्ख्या अंगावर एकदम चारेक ग्रे (ग्रे हे किरणोत्साराची मात्रा मोजायचं एकक) किरणोत्सार पडला आणि उपचार मिळाले नाहीत तर निम्मी माणसं दगावतात, वैद्यकीय वस्तू जंतूरहित करायला मात्र 25,000 ग्रे लागतात. या लढाईत आधी कोण पडणार हे सांगायला गणित यायला नको.

म्हणून तो किरण माणसावर नको, पट्टीवर सोडावा. हे शहाणपण आपल्याकडे मुंबईत नांदतंय. भाभा अणुसंशोधन केंद्राचा आयसोमेड प्रकल्प 1974 पासून कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी ड्रेसिंग, कापूस, शस्त्रक्रियेचं सामान पाकिटबंद अवस्थेतच निर्जंतुक करत आला. उष्णता नाही, वाफ नाही, खोकं उघडायचंही नाही. टाटा मेमोरिअल रुग्णालयातल्या ऊती-बँकेत बाळंतिणींनी दिलेल्या वारेचं पातळ आवरण स्वच्छ करून, सुकवून, असंच गॅमा किरणांखालून काढतात आणि ते भाजलेल्या जखमेवर पट्टी म्हणून बसवतात. जखमेतल्या जंतूंशी किरणोत्साराचं हे सर्वांत यशस्वी भांडण असावं, पण ते रुग्णाला कधी दिसत नाही. त्याला फक्त पाकीट दिसतं.

ल्युपसच्या दिव्यांना रिटायर केलं ते औषधांनी. 1940 च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन, 1952 मध्ये आयसोनियाझिड. गोळ्या घेऊन चेहरा बरा होत असेल तर तासभर हात कोण धरून बसेल? योग्यच झालं. त्वचेचा क्षय आपल्या देशात अजून दिसतो, आणि त्यालाही गोळ्यांचाच कोर्स असतो, दिवा नाही.

दिवे परत आले ते दुसऱ्या दाराने, आधी तपासायला. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने 1903 मध्ये एक काळसर काच बनवली, जी दिसणारा उजेड अडवते आणि 365 नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील तेवढा सोडते. वुडचा दिवा म्हणतात त्यातलं सगळं कर्तृत्व त्या काचेचं. माझी एक मैत्रीण त्वचारोगतज्ज्ञ आहे. तिने एकदा दवाखान्याचे पडदे ओढून तो दिवा माझ्या नाकाजवळ धरला आणि आरसा दिला. नाकाच्या दोन्ही बाजूंना, रंध्रारंध्रांत, नारिंगी-लाल ठिपके पेटलेले. पन्नाशीतल्या बाईच्या नाकावर दिवाळी. मुरुमांशी ज्याचं नाव जोडलं जातं तो क्युटिबॅक्टेरियम जंतू तिथे राहतो आणि तो ठिपका म्हणजे त्याने बनवलेलं, ओळखीचं, कोप्रोपॉर्फिरिन. "काखेत किंवा जांघेत तांबूस चट्टा घेऊन लोक येतात," ती म्हणाली, "दुकानातून नायट्याच्या ट्यूबा आणून आणून थकलेले. दिवा धरला की पोवळ्यासारखा लाल चमकतो. नायटा नसतोच गं तो." एरिथ्रास्मा म्हणतात त्याला, बुरशी नव्हे, जंतू. त्याच्याही पोटात तेच द्रव्य.

त्यामुळे मुरुमांवर निळा उजेड टाकण्यामागचं शास्त्र खोटं नाही. फायदा होतो, पण माफक, आणि थांबवलं की मुरुम पुन्हा. गळवातल्या सोनेरी जंतूकडे हे द्रव्य थोडं असतं, म्हणून 405 नॅनोमीटरचा उजेड त्यालाही मारतो, मात्र भरपूर द्यावा लागतो. त्याच्या बाबतीत जास्त हुशारीची वाट बोस्टन विद्यापीठातल्या जी-शिन चेंग यांच्या गटाने 2019 मध्ये दाखवली. या जंतूचं सोनं म्हणजे गाजराच्या रंगाच्या कुळातलं एक रंगद्रव्य, आणि तेच त्याचं चिलखत; आपल्या पांढऱ्या पेशी जो जाळणारा मारा करतात तो ते झेलून घेतं. 460 नॅनोमीटरच्या निळ्या उजेडाने ते रंगद्रव्य विटतं. चिलखत उतरलेल्या जंतूवर मग साधं हायड्रोजन पेरॉक्साइडही भारी पडतं, प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या वाणावरसुद्धा. कोलंबिया विद्यापीठातले लोक 222 नॅनोमीटरच्या मागे आहेत: इतका आखूड अतिनील की कातडीवरच्या मेलेल्या पेशींच्या थरातच विरतो, जिवंत पेशींपर्यंत जात नाही, पण पृष्ठभागावरच्या जंतूला पुरून उरतो. दोन्ही गोष्टी काचेच्या थाळीत आणि उंदरांच्या जखमांवर चांगल्या चालल्या आहेत. माणसाच्या गळवावर आज कुणी दिवा लिहून देत नाही, चीर देतात किंवा औषध.

हे सगळं मी माझ्या भाचीला सांगत होते, कारण तिने ऑनलाइन एक मास्क मागवला होता. पांढरा, प्लॅस्टिकचा, आतून छोटे एलईडी. चालू केल्यावर ती हॉलमध्ये जत्रेतल्या राक्षसासारखी बसली होती.

"मावशी, निळा मोड मुरुमांचा, लाल सुरकुत्यांचा. हिरवा पण आहे."

"हिरवा कशाचा?"

"मनःशांतीचा लिहिलंय."

मी खोकं मागून घेतलं. सात रंगांची नावं होती, प्रत्येकाचे फायदे होते, एका हसऱ्या मुलीचा फोटो होता. निळा म्हणजे 415 की 470, चौरस सेंटिमीटरला किती ऊर्जा, किती मिनिटं, डोळ्यांना काय लावायचं, यातलं एक अक्षर नाही. तिच्या हनुवटीवरचे मुरुम तर खोल, गाठीचे. तिथवर निळा उजेड पोचता पोचता दमून जाईल. मी तिला म्हटलं, कंपनीला विचार, निळ्याची तरंगलांबी किती. तिने लगेच टाइप केलं. पोरगी उत्साही आहे.

उत्तर संध्याकाळी आलं. "प्रिय ग्राहक, आमचं उत्पादन सर्व प्रकारच्या त्वचेसाठी योग्य आहे." खाली एक हसरा चेहरा आणि गळ्याच्या सुरकुत्यांसाठी वेगळा पट्टा मिळतो त्याची लिंक.